बर्मा सागवानाचं दार

बुलढाण्याच्या एका नव्या कॉलनीत नीळकंठ सरांनी निवृत्तीनंतर घर बांधलं. घराला सगळं होतं. गच्चीवर सोलर होता, स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा होता, सरांच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा होता. फक्त दार नव्हतं.

म्हणजे घर अगदीच उघडं नव्हतं. दर्शनी दाराच्या जागी बांधकामाच्या वेळचा टिनाचा पत्रा लोखंडी अँगलला ठोकून लावलेला होता. त्यावर कंत्राटदाराच्या माणसानं लाल रंगात लिहून ठेवलं होतं, 'सिमेंट गोदाम. कामाशिवाय आत येऊ नये.' सरांच्या पत्नी चारुलताबाईंनी त्यावर दोनदा रंग फासला. दोन्ही वेळा महिनाभरात अक्षरं खालून पुन्हा वर आली. असं करता करता तीन वर्षं झाली. लोकही मोठे शहाणे, लिहिलेली सूचना पाळत होते. कामाशिवाय त्या घरात कोणी येत नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. स्लॅब पडल्यावर मोतीराम सुतार आला, कानावरची पेन्सिल हातात घेतली आणि म्हणाला, "सर, चौकट अन् दार कोणत्या लाकडाचं करू?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सागवानाचं कर बाबा, आणि चहा पिऊन मोकळा झाला असता. पण सरांनी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला. ते म्हणाले, "सागवानच. पण कोणत्या देशाचं?"

मोतीरामला देश एकच माहीत होता. तो म्हणाला, "तुमी म्हणसान त्या देशाचं."

"उद्या सांगतो," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी इंटरनेटवर सागवान हा शब्द टाकला आणि त्यांच्यापुढे आकड्यांचं पोतं उलटं झालं. कोणत्या देशानं कोणत्या साली किती टणक लाकूड कोणाला विकलं, कोणी विकायचं बंद केलं, कोण नव्यानं विकू लागला, सगळं तिथं फुकट पडलेलं होतं. ज्या माणसाला आयुष्यभर मुलांनी विचारलं, 'सर, हे परीक्षेला आहे का?', त्याला पहिल्यांदाच हा प्रश्न न विचारणारा विषय मिळाला. सरांनी आठ ड्रॉइंग शीट एकमेकांना चिकटवून एक तक्ता केला. डावीकडे देश, वर सालं, एकोणीसशे नव्वदपासून आजपर्यंत. प्रत्येक देशाला वेगळी रंगीत पेन्सिल. बर्माला हिरवी, घानाला पिवळी, मलेशियाला जांभळी, इक्वाडोरला कोणती द्यावी यात एक अख्खा गुरुवार गेला.

तक्ता मोठा झाला तशी भिंत कमी पडली. मग देवघर पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेलं. देवांनी तक्रार केली नाही. चारुलताबाईंनी केली, पण ती तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात बसणारी नव्हती.

घरी येईल त्याला सर तक्त्यापुढे उभं करत. येत कोण होतं म्हणा, दूधवाला आणि गॅसवाला. "हे बघ," सर दूधवाल्याला सांगत, "नव्वदीत मलेशियाचं लाकूड जहाजं भरभरून यायचं. पुढे बर्माची चलती. दोन हजार चौदाला बर्मानं ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तशी घानाची चांदी झाली. मग इक्वाडोर, ब्राझील. आणि अमेरिकेची गंमत ऐक. ती आपला ओक चीनला विकते, आणि चीन त्याचीच टेबलं करून अमेरिकेला परत विकतो!"

"हाव ना सर," दूधवाला म्हणे, "आजकाल कोनाचा भरोसा नाई राह्यला. एक लिटर देऊ का दीड?"

दर सहा महिन्यांनी निर्णय पक्का होई. कधी घानाचं ठरे, मग सरांच्या वाचनात येई की तिकडची झाडं कोवळी तोडतात. कधी इक्वाडोरचं ठरे, मग रंग फिका निघे. ब्राझीलचं ठरलं तेव्हा तर मोतीराम टेप घेऊन मापं घ्यायलाही आला होता. तेवढ्यात सर म्हणाले, "थांब, यंदाचे आकडे यायचेत." आकडे आले. दार काही आलं नाही. पुण्याहून मुलगी गार्गी फोनवर म्हणाली, "बाबा, रेडिमेड दार दोन दिवसांत घरपोच मिळतं." सर तिच्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत.

चारुलताबाईंचं घानाशी वैर नव्हतं आणि ब्राझीलशी सोयरीक नव्हती. त्यांना दार हवं होतं ते आईसाठी.

आई सोजराबाई, वय ब्याऐंशी, दहा-बारा किलोमीटरवर देऊळघाटला धाकट्या लेकाकडे, गणेशकडे राहायच्या. बुलढाण्याला यायला त्यांना अर्धा तास पुरला असता. पण जुन्या माणसांचा नियम पक्का. चौकट उभी राहिली, तिच्या पायाशी नारळ फुटला, उंबऱ्याला हळदकुंकू लागलं, वर आंब्याच्या पानांचं तोरण चढलं की ते घर. तोवर तो गोठा, मग आत ग्रॅनाइट असो की आणखी काही. "दाराबिगर काय घर असते का वं?" त्या म्हणायच्या. "उंबऱ्याची पूजा झाली का मले नेजो. डोयानं पायते तुह्यं दार, अन् मंग राह्यते महिनाभर."

त्या डोळ्यांचाच प्रश्न होता. सोजराबाईंना काचबिंदू. उजवा डोळा आधीच गेलेला, डावा चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं जितकी टिकेल तितकी टिकेल. सर थांबायला तयार होते, घाना थांबला होता, इक्वाडोर थांबला होता. तो डोळा तेवढा थांबत नव्हता.

आणि खरं सांगायचं तर दाराची सोय सोजराबाईंनी कधीच करून ठेवली होती. नव्वद साली लेक सासरी गेली, त्याच आठवड्यात त्यांनी वावराच्या बांधावर सागवानाचं एक रोप लावलं. पहिली चार वर्षं डोक्यावरून पाणी नेऊन घातलं. जनावर तोंड लावू नये म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. का, तर लेक कधी ना कधी स्वतःचं घर बांधेल आणि त्या घराला दार लागेल. घराचा पाया भरला तेव्हा त्यांनी निरोप धाडला, "जावईबापूले म्हणा, झाड तयार हाये. घेऊन जा."

जावईबापू गेले. सोबत मोजायची टेप आणि भिंग घेऊन गेले. झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, साल खरवडून पाहिली, आणि बांधावरच वर्ग भरवला. "आई, हे बांधावरचं झाड. याला पाणी झालं जास्त, वाढ झाली झपाट्यानं. असलं लाकूड आतून पोकळ असतं, दम नसतो. घानाचंसुद्धा याच्यापेक्षा बरं."

सोजराबाई म्हणाल्या, "बरं." आणि जावयासाठी भाकरी थापायला गेल्या. भाकरीबरोबर ठेचा, वांग्याचं भरीत, वर लोण्याचा गोळा. जावयानं ते मात्र कोणत्याही देशाशी न ताडता खाल्लं. चारुलताबाई शेजारीच होत्या. एक शब्द बोलता आला असता. 'राहू द्या तुमचा घाना, मला हेच दार हवं,' एवढंच. पण त्या बोलल्या नाहीत, आणि न बोलल्याची लाज तीन वर्षं त्यांच्या पोटात बसून राहिली.

त्या बोलत नसत हे खरंच. लग्नात सरांनी तांदळात अंगठीनं 'चारुलता' असं नाव लिहिलं, तेव्हापासून देऊळघाटची छकुली संपली आणि चारुलताबाई सुरू झाल्या. चारुलताबाई शुद्ध बोलत आणि कमी बोलत. सरांच्या मते हा शिक्षणाचा परिणाम होता.

यंदाच्या दिवाळीनंतर मात्र पाणी गळ्याशी आलं. डॉक्टरांनी सोजराबाईंसमोर बोटं धरली, किती ते विचारलं. चार फुटांवर त्यांनी बरोबर सांगितलं, पाच फुटांवर चुकल्या. चारुलताबाई घरी आल्या, तक्त्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "महिन्याभरात दार लागलं नाही तर मी देऊळघाटला राहायला जाते. तिथल्या घराला दार आहे."

सरांच्या हातातली पिवळी पेन्सिल खाली पडली. बायको जाईल हे त्यांना पटेना, पण चहा कोण करेल हा प्रश्न सगळ्या देशांपेक्षा जवळचा होता. दुसऱ्याच दिवशी मोतीराम म्हणाला, "मोताळ्याले राजकुमार शेठच्या वखारीत बरा माल हाये म्हणते," आणि तिघं राजूर घाट उतरून मोताळ्याला गेले. सरांच्या पिशवीत तक्त्याची छोटी नक्कल होती.

त्या दिवशी मोताळ्याचा बाजार. कांद्याच्या आणि कपड्यांच्या पालांतून वाट काढत ते वखारीत पोचले. राजकुमार शेठ गल्ल्यावर बसून चणे खात होते. शेठनी आधी घानाचं लाकूड दाखवलं. सरांनी शेठना घानाचा इतिहास सांगितला. मग इक्वाडोरचं दाखवलं, सरांनी इक्वाडोरचा सांगितला. शेठ तीस वर्षं लाकडात होते, पण आपण एवढं सगळं विकतोय याची त्यांना कल्पना नव्हती. दीड तास गेला, चार चहा गेले. मोतीराम ओंडक्यावर बसून पेंगायला लागला.

तेवढ्यात सरांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं आठ-दहा फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, वर धुळीचा थर. सरांनी हातानं धूळ पुसली, भिंग काढलं, वाकले. मग फळीला नाक लावलं आणि डोळे मिटले.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

"ते होय सर? ते तं इथलंच..." शेठ सांगू लागले.

"थांबा! सांगू नका. मी सांगतो." सर ताठ झाले. "हा रंग बघा. हा तेलकटपणा. ही एकसारखी शीर. तेहतीस-चौतीस वर्षांचं लाकूड आहे. बर्मा! बंदीच्या आधीचा माल. खरं की नाही?"

शेठनी तोंडातला चणा गिळला. त्यांनी मोतीरामकडे पाहिलं, मोतीरामनं छताकडे पाहिलं. "सर," शेठ अदबीनं म्हणाले, "तुमच्यासमोर आमी काय बोलावं?"

आणि ते खरंच काही बोलले नाहीत. माणूस खोटं बोलला असं कोणी म्हणू शकणार नाही. भाव मात्र तेवढ्या वेळात मोताळ्याहून रंगूनला जाऊन आला. सरांनी तो आनंदानं दिला. शेठनी वय बरोबर ओळखल्याबद्दल कौतुक केलं आणि पाचवा चहा मागवला.

अंगणात मोतीरामचं काम सुरू झालं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात लाकडाचा वास आला. चारुलताबाई कामात असल्या तरी मधूनच बाहेर येऊन पाहून जात. चौथ्या दिवशी चौकटीच्या उभ्या फळीवर रंधा मारताना खट्कन आवाज झाला आणि मोतीरामनं रंध्याचं पातं काढून कपाळावर हात मारला. पात्याला दात पडला होता. लाकडाच्या आत, बोटभर खोल, खिळा होता.

त्यानं पटाशीनं कोरून, पकडीनं ओढून तो बाहेर काढला. बोटाएवढा लांब, हातानं घडवलेला, चौकोनी डोक्याचा, टोकाशी थोडा वाकलेला खिळा. भोवतीचं लाकूड काळंनिळं पडलेलं.

सर धावत आले. खिळा तळहातावर घेतला, आणि त्यांच्या तोंडावर असं तेज आलं की तसं गार्गीच्या जन्माच्या वेळीही आलं नव्हतं. "अरे वेड्या, शिव्या काय देतोस? पुरावा आहे हा! बर्माच्या जंगलात ओंडके कोण ओढायचं? हत्ती! हत्तीची साखळी ओंडक्याला अडकवायला असे खिळे ठोकायचे."

"हत्तीचा खिळा?" मोतीराम म्हणाला. "मले तं बैलबंडीचा वाटते, सर."

"तू बर्मा पाहिलाय का?"

"नाई."

"मग झालं."

सरांनी तरी कुठं पाहिला होता, पण हे विचारण्याचा मोतीरामचा अधिकार नव्हता. खिळा धुऊन पुसून काचेच्या बरणीत गेला. बरणी तक्त्याखाली, बर्माच्या हिरव्या पट्टीच्या बरोबर खाली ठेवली गेली. वर चिठ्ठी, 'हत्तीच्या साखळीचा खिळा, बर्मा.'

दुपारी सर झोपल्यावर चारुलताबाईंनी बरणी उघडली.

खिळा हातात आला मात्र, त्यांना बांध दिसला. गार्गी तेव्हा दीड वर्षांची होती, माहेरपणाला गेल्या होत्या. झाड मांडीएवढं जाड झालं होतं. भाकरीच्या गाठोड्याला मुंग्या लागतात म्हणून आईनं बंडीचा जुना खिळा आणला आणि गोट्यानं झाडात ठोकला. छकुली म्हणाली होती, "माय, झाडाले दुखत असंल ना वं." आई हसली होती. "लेकराचे कान टोचतांनी दुखत नाई का? मंग डूल शोभते." त्यानंतर कितीतरी वर्षं त्या खिळ्याला भाकर लटकलेली असायची. पुढे झाड फुगत गेलं आणि खिळा हळूहळू आत गेला. शेवटी शेवटी नुसतं डोकं दिसायचं.

त्यांनी मागच्या अंगणात जाऊन गणेशला फोन लावला. "गणेश, बांधावरचं सागवान कुठी हाये रे?"

"ताई, ते तं गेलं ना. दाजीच पोकळ म्हणले. मंग बांधावरून ठिबकचा पाइप न्याचा होता, म्हटलं इकून टाकू. परवानगीलेच सात महिने लागले, कागद या टेबलावरून त्या टेबलावर. मंग मोताळ्याच्या राजकुमार शेठनं नेलं. झाले दोन वर्षं."

"अन् माय?"

"माय काय बोलते. तोडलं त्या दिवशी वावरात आली नाई. जेवलीबी नाई."

चारुलताबाई पाण्याच्या टाकीच्या कडेला बसल्या. आधी रडू आलं. मग हसू आलं, तेही असं की तोंडाला पदर लावावा लागला. घानाचं लाकूड समुद्र ओलांडून दीड-दोन महिन्यांत इथं येतं हे त्यांना तोंडपाठ होतं, रोज ऐकत होत्या. देऊळघाटचं लाकूड बुलढाण्याला यायला तीन वर्षं लागली, आणि वाटेत त्याला आपलं नाव बदलून घ्यावं लागलं. जशी छकुली, तसंच तिचं झाड.

सांगावं का? त्यांनी विचार केला. सांगितलं तर काय होईल हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. सर फळ्या परत पाठवतील. तक्त्यात नवीन रकाना होईल, 'फसवणूक', त्याला लाल पेन्सिल लागेल, आणि पुन्हा एकोणीसशे नव्वदपासून सुरुवात. आईचा डोळा तेवढा नाही टिकणार. चारुलताबाईंनी खिळा बरणीत ठेवला, झाकण लावलं आणि चहाचं आधण ठेवलं. तीन वर्षांपूर्वी त्या गप्प राहिल्या तो नाइलाज होता. आज गप्प राहिल्या ती हुशारी होती, आणि ती त्यांना फार आवडली.

मोतीरामला मात्र सगळं कळलेलं असावं. खिळ्याच्या जागी सागाचीच खुंटी ठोकून भोक बुजवताना तो म्हणाला, "काकू, हा काळा डाग काही जात नाई."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तो जाऊ देऊच नको."

पूजेचा दिवस उजाडला. पत्रा उखडून आवारात भिंतीला टेकवला. नव्या चौकटीच्या पायाशी नारळ फुटला, उंबऱ्यावर हळदकुंकवाची बोटं उमटली, तोरण चढलं. दार चढवलं गेलं तेव्हा कॉलनीतले सात-आठ निवृत्त मास्तर अंगणात खुर्च्यांवर होते. त्यांच्यासाठी सरांनी तक्ता बाहेर आणून लावला होता. भाषण एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपर्यंत आलं होतं. ऐकणाऱ्यांचा जीव शिऱ्यात अडकला होता, पण शिरा दोन हजार चौदाच्या आधी मिळणार नव्हता हे उघड होतं.

तेवढ्यात गणेशचा टेम्पो आला. गणेशनं आईला हात धरून उतरवलं. सोजराबाईंच्या काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. लेकीकडे जेवण असलं तरी आपली भाकर आपल्याजवळ असावी, हा त्यांचा आणखी एक नियम.

"माय, आली तू!" चारुलताबाई पुढे झाल्या.

"कोण, छकुली का?" सोजराबाईंनी हवेत हात पुढे केला.

चारुलताबाईंनी गणेशकडे पाहिलं. त्या दोन पावलांवर उभ्या होत्या, समोर, उन्हात. गणेशनं मान खाली घातली. "आठ दिवस झाले," तो हळू म्हणाला. "उजेड कळते. माणूस नाई कळत."

तीन वर्षं. त्या तीन वर्षांत कोणत्या देशानं काय विकलं ते सगळं तक्त्यात लिहिलेलं होतं. चारुलताबाईंना वाटलं, तो तक्ता ओढून काढावा आणि चुलीत घालावा. पण आईचा हात हवेत होता. त्यांनी तो धरला.

"कुठी हाये वं दार?"

"हे काय." त्यांनी आईचा हात चौकटीवर ठेवला.

सर भाषण तोडून आले. असा श्रोता ते सोडणार नव्हते. "आई, बर्मा सागवान! सातासमुद्रापलीकडचं."

"बर्मा?" सोजराबाईंनी मान वळवली. "कोणत्या शिवारात येते ते?"

मास्तर हसले. सरही हसले, मोठ्या मनानं. सोजराबाईंचा हात मात्र चौकटीवरून हळूहळू खाली उतरत होता, गुराच्या पाठीवरून फिरावा तसा. खांद्याच्या उंचीला तो थांबला. बोट एका जागी गोल फिरलं, पुन्हा फिरलं. मग त्यांनी वाकून तिथं नाक लावलं.

"हे इथी काय बुजवलं?"

"तिथं खिळा होता, आई," सर म्हणाले. "हत्तीच्या साखळीचा."

"हत्तीच्या?" सोजराबाई सरळ झाल्या. "गणेश, आपल्या देऊळघाटात हत्ती कधी आल्ते रे?"

शिऱ्याचं पातेलं घेऊन निघालेली शेजारीण जागच्या जागी थांबली.

"हे तं माह्यं झाड हाये," सोजराबाई म्हणाल्या. "हा खिळा म्या ठोकेल हाये. गोट्यानं."

सरांनी मास्तरांकडे पाहून समजुतीचं हसू केलं. "आई, तुम्हाला आता नीट दिसत नाही..."

"आईचंच झाड आहे," चारुलताबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "गणेशनं मोताळ्याला विकलं, तुम्ही मोताळ्याहून आणलं. शेठ सांगत होते, तुम्ही त्यांना बोलू दिलं नाही. मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे."

सर बायकोकडे वळले. "मग... सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पुन्हा तक्ता उघडला असता."

आणि तक्ता तर समोर उघडाच होता. एक मास्तर खोकला, दुसरा खुर्ची सरकवून उठला, आणि बघता बघता सगळे शिऱ्याच्या पातेल्याकडे गेले. चारुलताबाई आत गेल्या, बरणी घेऊन आल्या आणि खिळा आईच्या तळहातावर ठेवला. सोजराबाईंनी त्याचं डोकं चाचपलं, वाकलेलं टोक चाचपलं.

"याले काऊन काढलं वं?" त्या म्हणाल्या. "आता भाकर कुठी टांगू?"

"मोतीराम, हातोडी दे," चारुलताबाई म्हणाल्या.

"अगं, कालच पॉलिश केलंय," सर म्हणाले. पुढे त्यांनी 'बर्मा' म्हणायला ओठ जुळवले, पण तोवर मोतीरामनं हातोडी दिली होती.

चारुलताबाईंनी पदर खोचला आणि काळ्या डागाच्या चार बोटं वर खिळा धरला. हातोडीचे पाच घाव बसले. पाचवा जरा जास्तच जोरात बसला. मग त्यांनी आईचा हात धरून खिळ्याला लावून दिला. सोजराबाईंनी काखेतलं गाठोडं तिथं अडकवलं, ओढून पाहिलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि उजवा पाय आत टाकला. मागोमाग चारुलताबाई गेल्या.

"छकुले," आतून सोजराबाईंचा आवाज आला, "दार लाव वं. दिसत तं नाई आता. लागल्याचा आवाज तरी आयकते."

चारुलताबाईंनी दार लावलं. आवाज भरीव आला, जराही पोकळ नाही.

सर बाहेरच राहिले होते, टेकवलेल्या पत्र्याशेजारी. पत्र्यावरची 'कामाशिवाय आत येऊ नये' ही लाल अक्षरं उन्हात अजून स्पष्ट वाचता येत होती. आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ म्हातारीचं समाधानानं म्हणणं, "हाव. हेच."